जामीनदार

आमच्या मंडळीत प्रभूची प्रार्थना म्हणताना एक ओळ आली की आमच्या घरातल्या सगळ्यांचा आवाज जरा खाली यायचा. "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं होत असेल. नंतर कळलं की ते फक्त आमच्याकडंच होतं, आणि त्याचं कारण चर्चच्या बाहेर, कडुनिंबाखाली बसलेलं असायचं.

कडुनिंबाखाली माझे चुलत काका बसायचे. दर रविवारी काकूला आणि पोरांना सायकलवरून दोन खेपा करून आणायचे, आत सोडायचे, आणि स्वतः बाहेर बसायचे. पाऊस असला तर शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात. भजनं सुरू झाली, पेटी-तबला वाजला की मी खिडकीतून बघायची, ते मान खाली घालून काडीनं मातीत रेघा मारत असायचे. ओठ मात्र हलायचे, भजनं सगळी पाठ होती त्यांना.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं, जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, आणि पुढं आजूबाजूच्या खेड्यांतनं ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यातलीच आमची एक. काळ्या दगडाचं छोटं चर्च, आत बसायला सतरंज्या. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. म्हणजे भावकीत पगारदार माणूस एकच, आणि खेड्यात पगारदार माणूस म्हणजे चालताबोलता जामीनदार, हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९९३ साली काकांनी बोअर आणि पाइपलाइनसाठी पतसंस्थेतून ३०,००० रुपये कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून पप्पांनी सही केली. आईला ते पटलं नव्हतं. तिनं त्या रात्री बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक उघडून पप्पांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्या पुस्तकात दुसऱ्याला जामीन राहू नको असं एकदा नाही, पाच-सहा ठिकाणी सांगितलंय, एका ठिकाणी तर सरळच विचारलंय की फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का न्यावं लोकांनी. पप्पांनी वाचलं, पुस्तक बंद केलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय." सही आधीच झालेली होती.

दोन बोअर कोरडे गेले. इथपर्यंत काकांचा काही दोष नव्हता, नेवाशाच्या जमिनीत पाणी लागणं न लागणं कुणाच्या हातात नसतं. पण पुढच्या वर्षी कांद्याला भाव मिळाला, चांगली पट्टी हातात आली, आणि ती पट्टी पतसंस्थेत जायच्या ऐवजी भलतीकडंच गेली, कुठं ते मी इथं लिहीत नाही, आणि पप्पांनी विचारलं तेव्हा काकांनी डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "भरला ना दादा हप्ता." पप्पांनी विश्वास ठेवला. मग पंचायत समितीत पत्र आलं आणि पप्पांच्या पगारातनं दरमहा ७०० रुपये कापायला सुरुवात झाली. सहा वर्षं. माझ्या मोठ्या बहिणीला नर्सिंगला घातलं ते आईची बोरमाळ मोडून. पगाराची पावती घरी आली की आई ती 'इतर कपात' लिहिलेल्या रकान्याशी अंगठ्यानं दाबून धरायची, आणि तसंच धरून बाकीचं वाचायची, जणू तेवढा आकडा झाकला की बरं वाटेल.

त्या सहा वर्षांत काका चर्चच्या आत आले नाहीत. कुणी त्यांना बंदी केली नव्हती हो. पाळकसाहेब दोनदा घरी जाऊन आले. पप्पा तर समोर दिसले की आपण होऊन बोलायचे, पण काका रस्ता बदलायचे.

हे सगळं सांगितलं कारण मला ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताबद्दल, म्हणजे आपल्या पापांसाठी तो वधस्तंभावर मेला त्याबद्दल लिहायचंय, आणि ते मला दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं लिहिता येत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ते पाठ केलं होतं, सर्टिफिकेटही मिळालं, पण कळलं ते या पगाराच्या पावत्यांवरून.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. आपल्या मराठीत प्रायश्चित्त 'घेतात'. ज्यानं केलं त्यानं घ्यायचं, शास्त्रीबुवा सांगतील तसं. १८४३ साली मुंबईत श्रीपाद शेषाद्री या मुलाचं प्रकरण झालं. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, आणि श्रीपाद, वयानं लहान, तोही मिशनऱ्यांकडं राहिला, तिथलं जेवला. कोर्टानं त्याला बापाकडं परत पाठवलं, पण जात परत घेईना. बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले की प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या, आणि त्यावरून केवढं वादळ उठलं. नंतर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधला चहा. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं मिशनमध्ये गेली, चहा पुढं आला, नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, सुरू झालं, आणि शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहा! मला या दोन्ही गोष्टी वाचताना सारखं हे जाणवतं की ज्यांच्या घरी जेवल्याबद्दल, ज्यांचा चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, त्याच लोकांच्या बायबलमध्ये वधस्तंभावर जे घडलं त्याला मराठीत नाव मिळालं ते 'प्रायश्चित्त' हेच. दुसरा जवळचा शब्दच नव्हता. पण शब्द आला तो आपली सवय घेऊन आला, की चुकलेल्या माणसानं काहीतरी करायचं, काहीतरी सोसायचं, म्हणजे तो शुद्ध होतो आणि आपली माणसं त्याला पंक्तीत घेतात.

बायबलमध्ये ही दिशाच उलटी आहे. आणि ती फक्त नव्या करारात उलटी होते असंही नाही. लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात प्रायश्चित्ताचा दिवस येतो. मुख्य याजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा मारतो, मग दोन बकरे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक देवासाठी, एक अजाजेलासाठी. पहिल्याचं रक्त परमपवित्र जागी, कराराच्या कोशाच्या झाकणावर, म्हणजे दयासनावर, शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. लोकांनी काय करायचं? उपास करायचा आणि काम करायचं नाही. बस. आणि पुढच्याच अध्यायात देव म्हणतो की हे रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मी तुम्हाला दिलंय. मी दिलंय, म्हणजे माणसं देवाला खूश करायला आणतायत असं नाही, सोय त्यानंच करून ठेवलीये. हे वाक्य मी कितीतरी वर्षं वाचून पुढं जायची.

हा दिवस आपल्याकडं, मराठीत, शेकडो वर्षं पाळला गेलाय. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक, अलिबाग-रेवदंड्याकडचे, शनिवार तेली म्हणायचे त्यांना, ते या दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणायचे. दारं बंद करून, पांढरे कपडे घालून, कुणाचा स्पर्श न होऊ देता घरात राहायचं आणि उपास करायचा. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडं जाणं-येणं. यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्येच पडलेलं, बकरा नाही, याजक नाही, दयासन नाही, आणि समुद्राकाठच्या त्या घरांमधून दारं लावून बसलेली माणसं. मला त्या दिवसाच्या नावातलं ते दार फार आवडतं, आधी बंद आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडं जायला उघडं.

प्रेषित पौलानं रोमकरांना पत्र लिहिताना जो ग्रीक शब्द येशूसाठी वापरला, तो तोच शब्द आहे जो जुन्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी येतो. आमच्या मराठी बायबलात तिथं प्रायश्चित्त असा शब्द आहे, चूक नाही, पण मूळ शब्दात ती जागा दिसते, वर्षातून एकदा पडद्याआड रक्त शिंपडायची ती जागा, आणि पौल म्हणतो ती जागा देवानंच सगळ्यांच्या पुढं, उघड्यावर आणून ठेवली.

शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या एक मॅडम आहेत, वारकरी घरातल्या, फार मनापासून वाचणाऱ्या. त्यांनी एकदा डबा खाताना विचारलं, "राग मानू नका, पण पाप तुम्ही करायचं आणि फेडायचं त्यानं, हे कसं हो? करावं तसं भरावं, नाही का?" मला राग अजिबात नाही आला. हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि ज्या ख्रिस्ती माणसाला तो कधी पडलाच नाही त्यानं वधस्तंभाकडं नीट बघितलं नाही असं मी म्हणेन. करावं तसं भरावं हा न्याय आहे आणि न्याय असायलाच पाहिजे. मी त्यांना एवढंच म्हणाले की आमच्या घरात केलं काकांनी आणि भरलं पप्पांनी, आणि ते न्यायानं नव्हतं, पण त्यात खोटंही काही नव्हतं. एकेक रुपया भरला गेला.

हिशेबाची भाषा बायबलमध्ये भरपूर आहे, आणि मराठीत तर ती आणखीनच आपली वाटते. येशू स्वतः म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला प्राण 'खंडणी' म्हणून द्यायला आला. खंडणी! आपल्या कानाला लगेच सुरत ऐकू येते, चौथाई ऐकू येते, आणि आता तर पेपरात रोजच, बिल्डरकडे मागितली खंडणी. आणि मग साहजिक प्रश्न, कुणाला दिली? चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी म्हणाला की सैतानाच्या तावडीतून सोडवायला, येशूचं माणूसपण म्हणजे आमिष, त्याच्या आत देवपणाचा गळ, सैतानानं गिळलं आणि अडकला. आणि त्याचाच मित्र, नाझियानझसचा ग्रेगरी, तो म्हणाला छे, सैतानाला देवाकडनं खंडणी, ही तर लाजिरवाणी गोष्ट! आणि पित्याला दिली म्हणाल तर पित्यानं कुठं आपल्याला ओलीस धरलं होतं? दोघं मित्र, दोघं आमच्या विश्वासातले मोठे गुरू, आणि एकाच शब्दावर दोघांची दोन टोकं. मला नाझियानझसच्या ग्रेगरीचा प्रश्न पटतो. खंडणी शब्द किती मोलानं सुटका झाली ते सांगतो, पावती कुणाच्या नावानं फाडली ते नाही सांगत.

मग अकराव्या शतकाच्या शेवटी, १०९८ मध्ये, कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यानं देव माणूस का झाला या प्रश्नावर पुस्तक लिहून पुरं केलं. सैतानाला त्यानं हिशेबातनं काढूनच टाकलं. देवाचा मान माणसानं मोडला, भरपाई माणसानं करायला पाहिजे, आणि करू शकतो फक्त देव, म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे त्यानंच ती केली. सरंजामदारांच्या काळातला माणूस, त्याला मान आणि भरपाई ही भाषा सुचली. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी फ्रान्समधला धर्मपंडित आबेलार म्हणाला की वधस्तंभावरचं ते प्रेम बघून आपलं मन पालटतं, खरं काम ते. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन, शिक्षण वकिलीचं, त्यानं कोर्ट उभं केलं, आरोपी, दोष, शिक्षा, आणि शिक्षा आपल्या जागी दुसऱ्यानं भोगलेली. आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत मिशनऱ्यांनी आणलं ते बहुतेक हेच कोर्ट. पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. ३२५ ची निकियाची परिषद, ४५१ ची खाल्केदोनची परिषद, येशू कोण आहे यावर एकेका शब्दासाठी भांडली मंडळी, पण त्याच्या मरणानं आपलं तारण नेमकं कसं झालं याची एकच एक रीत कुठल्याही जुन्या सर्वसामान्य परिषदेनं ठरवून दिली नाही. मतांगिकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण म्हणतो ते एवढंच, आपल्यासाठी आणि आपल्या तारणासाठी. आपल्यासाठी. ज्यांनी ते शब्द लिहिले त्यांना विचार करता येत नव्हता म्हणून नव्हे, मला वाटतं त्यांनी मुद्दामच तिथं जागा मोकळी ठेवली.

गुड फ्रायडेला आमच्याकडं दुपारी १२ ते ३ उपासना असते. वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो, मध्ये भजन. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, पोटात उपास, बाया पदरानं वारा घेतायत. मी आठवी-नववीत असेन, एका वर्षी बोलायला बाहेरनं एकजण आलेले आणि त्यांनी देवाच्या क्रोधाचं असं काही वर्णन केलं की देव म्हणजे एक रागानं लाल झालेला बाप, त्याला कुणाला तरी मारायचंच होतं, आणि शेवटी त्यानं स्वतःच्या पोरालाच मारलं तेव्हा कुठं तो शांत झाला. मला रडू आलं, पण भक्तीनं नाही, भीतीनं. घरी येताना मी पप्पांना विचारलं, "देवाला माफच करायचं होतं तर नुसतं माफ का नाही केलं?"

पप्पा चालता चालता थांबले. म्हणाले, "नुसतं म्हणजे कसं? मी तुझ्या काकाला माफ केलंय. केलंय का नाही?"

मी हो म्हटलं.

"मग पगार कापायचा थांबला का?"

एवढंच बोलले आणि चालायला लागले. मी मागं मागं. त्या उन्हात मला जे दिसलं ते नंतर कुठल्याच पुस्तकात तितकं स्वच्छ दिसलं नाही. माफ करणं म्हणजे झालेलं नुकसान हवेत विरून जाणं नाही. कांद्याची पट्टी गेली ती गेली, खोटं बोलणं झालं ते झालं, तो खड्डा कुणाच्या तरी अंगावर पडणार, आणि माफ करणारा म्हणतो की माझ्या अंगावर पडू दे. तिसऱ्या कुणा निरपराध माणसाला धरून आणून त्याला मारलं असतं तर तो अन्याय झाला असता, आणि त्या पाहुण्या वक्त्यांचा देव तसाच होता. पण पौल काय म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. देव ख्रिस्तामध्ये होता. ज्याचं देणं आपण लागत होतो तोच जामीन राहिला आणि त्याच्याच पगारातनं कपात झाली. इब्री लोकांच्या पत्रात तर येशूला चक्क 'जामीन' म्हटलंय, नव्या चांगल्या कराराचा जामीन, मराठी बायबलात अगदी हाच शब्द आहे. ज्या पुस्तकानं आईला सांगितलं जामीन राहू नको, तेच पुस्तक पुढं म्हणतं की देव राहिला.

त्या दिवसापासून मला बायबलमध्ये जिकडंतिकडं जामीनदार दिसायला लागले. उत्पत्तीमध्ये यहूदा, बन्यामिनासाठी बापाला म्हणतो मी जामीन, माझ्याकडनं मागा, आणि वेळ आली तेव्हा म्हणतो याला जाऊ द्या, मला गुलाम ठेवा. हा तोच यहूदा ज्यानं भावाला, योसेफाला, विकायचं सुचवलं होतं! आणि फिलेमोनाला पौलाचं ते छोटंसं पत्र, अनेसिम नावाचा दास मालकापासून, म्हणजे याच फिलेमोनापासून, दुरावलेला, पौल त्याला परत पाठवताना लिहितो, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर माझ्या नावावर मांड, मी पौल माझ्या हातानं लिहून देतो, मी फेडीन. तुरुंगातला म्हातारा माणूस हे लिहून देतोय, त्याच्याकडं कुठला आला पैसा? कलस्सैकरांच्या पत्रात जो शब्द आलाय, आपल्याविरुद्धचा जो कागद वधस्तंभाला खिळला म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ हातानं लिहिलेलं. आपण म्हणतो ना, हातचिठ्ठी.

१९९९ च्या डिसेंबरात शेवटची कपात झाली. जानेवारीत पप्पा पतसंस्थेत गेले आणि बेबाकी दाखला घेऊन आले. मला म्हणाले चल, आणि आम्ही एम-८० वर काकांच्या वस्तीवर गेलो. काका विहिरीवर मोटर खोलून बसले होते, दोन्ही हात ग्रीसनं काळे. आम्हाला बघून उठले, पण जायला जागा नव्हती, मागं विहीर. पप्पांनी दाखला पुढं केला. मी तो वाचला होता येताना. त्यात काकांचं पूर्ण नाव, कर्ज खाते क्रमांक, आणि खाली, सदर कर्जदाराकडे संस्थेची कोणतीही येणे बाकी नाही. कुणी भरले ते त्यात कुठंच नव्हतं. पप्पांचं नाव नव्हतं.

काकांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "दादा, हात घाण आहेत."

पप्पांनी कागदाची घडी घातली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. खिशावर हात ठेवून दोन मिनिटं उभे राहिले. काका रडले नाहीत, मला वाटलं होतं रडतील. उलट त्यांच्या चेहऱ्यावर राग आल्यासारखं काहीतरी होतं. "आता मी तुमच्याकडं बघू कसा?" असं म्हणाले. पप्पा म्हणाले, "बघ की. आत्ता बघतोयस तसा."

त्या रविवारी काका आत आले असं मला लिहायला आवडलं असतं. नाही आले. पाच-सहा महिने लागले. एका रविवारी, पावसाळा होता, ते दाराच्या आत, चपला काढतात तिथं, उभे दिसले, मग पुढच्या वेळी मागच्या सतरंजीवर. आणि एकदा प्रभुभोजनाला भाकर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली, मी वळून बघितलं म्हणून आईनं मला चिमटा काढला. भरणाऱ्यानं भरलं त्याला सहा वर्षं लागली, पण घेणाऱ्याला ते घेणं त्याहून अवघड गेलं असं मला आता वाटतं. इंग्रजीतला अ‍ॅटोनमेंट शब्द १५२६ मध्ये टिंडेलनं आपल्या नव्या कराराच्या भाषांतरात वापरून रुळवला, त्याचा मूळ अर्थ एक होणं, एकीला येणं. आमच्या मराठीत त्याच जागी 'समेट' आहे. हिशेब चुकता झाला तेव्हा समेट झाला नव्हता. समेट झाला तो त्या चपलांच्या जागेपासून सतरंजीपर्यंतच्या चार हातांत, आणि त्याला अर्धं वर्ष लागलं.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात होत्या, वाँटेजच्या सिस्टरांकडं. त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला एका आश्रमात नेलं होतं, जिथं समाजानं 'पतित' ठरवून टाकलेल्या बायकांना सांभाळायचे. रमाबाईंनी स्वतः सांगितलंय की अशा बायकांशी कुणी मायेनं वागताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. शास्त्रं त्यांना तोंडपाठ, कुठल्या पापाला कुठलं प्रायश्चित्त तेही माहीत, आणि या बायांना परत आत घ्यायची सोय त्यात नाही हेही माहीत. मग त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, योहानाचा चौथा अध्याय, विहिरीवरची. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं केडगावला मुक्ती सदनाबरोबर अशा बायांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. रमाबाईंचे नंतर चर्चवाल्यांशी शिकवणुकीवरून किती वाद झाले, पण हे फुलहॅम त्यांनी सोडलं नाही. मला त्यांचा हा रस्ता फार जवळचा वाटतो, आधी कुणीतरी आत घेताना बघितलं, मग विचारलं की हे कुणाच्या जोरावर.

एका गोष्टीबद्दल मात्र मला फार राग आहे आणि तो लिहिल्याशिवाय हा लेख मी पुरा करणार नाही. माझी एक आतेबहीण, नवरा मारायचा. ती माहेरी आली तेव्हा त्या वेळच्या एका पाळकांनी तिला सांगितलं, बाई, ख्रिस्तानं सोसलं, तू तुझा वधस्तंभ उचल. ती परत गेली. आज तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. प्रायश्चित्ताच्या शिकवणुकीचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. येशू म्हणतो माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. जबरदस्तीनं घेतलेली जामीनदाराची सही कायद्यातही टिकत नाही, मग देवाच्या दारात कशी टिकेल? आणि तिच्या नवऱ्याचं पाप ख्रिस्तानं एकदा उचललेलं आहे, ते हिच्या कानावर परत कशाला? त्याला धरून पोलिसांत द्यायला पाहिजे होतं, आणि त्यानंतर वाटल्यास पाळकांनी तुरुंगात जाऊन त्याच्याशी क्षमेबद्दल बोलायचं होतं.

क्षमा झाली म्हणजे भरपाईची गरज संपली असंही बायबल म्हणत नाही. जक्कयाच्या घरी येशू आधी जेवायला जातो, काही अट नाही, आणि मग जक्कय आपण होऊन म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. आधी पंगत, नंतर परतफेड. आपल्या प्रायश्चित्तात आधी परतफेड, आणि मग पंगत मिळाली तर मिळाली. काकांनी पप्पांना पैसे कधीच परत केले नाहीत, त्यांच्याकडं होतेच कुठं. पण २००० पासून दर वर्षी सुगी झाली की ते एक पोतं बाजरी आणून आमच्या ओट्यावर टाकायचे. पप्पा कधी मोजायचे नाहीत. आई कॅलेंडरवर लिहून ठेवायची, 'बाजरी आली', आणि तारीख. पप्पा म्हणायचे अगं हिशेब कशाला, तर आई म्हणायची, "हिशेब नाही हो, आली ते लिहितेय." पप्पा गेले त्या वर्षीही बाजरी आली. काका खळ्यावरनं तसेच आले होते, पोतं टाकलं आणि पप्पांच्या खुर्चीकडं बघत बराच वेळ उभे राहिले, बसले नाहीत.

आता काकाही थकलेत. मागच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलाचा फोन आला. ताई, डेअरीसाठी लोन काढतोय, चार गाई, शेड, कागदपत्रं सगळी झालीत, एक सरकारी नोकरदार जामीनदार पाहिजे. माझा नवरा नको म्हणतोय, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही, आमच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे, घराचा हप्ता आहे. आईला फोन केला. ऐंशी वर्षांची आहे ती आता. मला वाटलं ती नीतिसूत्रं काढेल. ती बराच वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "किती आहे?" मी आकडा सांगितला. मग म्हणाली, "पोरगं बरंय तसं. पण तेव्हा तुझा काकाही बराच होता."

फॉर्म समोर टेबलावर आहे. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्यात, त्या मी काल शाळेच्या ऑफिसमधून काढून आणल्या. आधारची झेरॉक्स पण काढलीये.